कार्ड चालू, फ्रिज बंद

निवृत्त झाल्यावर दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सोडून आम्ही गुडगावच्या एका टॉवरमध्ये राहायला आलो. खाली संगमरवरी लॉबी, लॉबीत कारंजं, दारात सलाम ठोकणारा गार्ड. एवढे सलाम मला उभ्या नोकरीत मिळाले नव्हते. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास वीज’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं.

लेक आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रोजेक्टचं मुख्य चित्र जुन्या कॉम्प्युटरवर पुढे सरकेना, म्हणून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. विटेएवढं, स्वतःचे दोन पंखे असलेलं. त्याला जुना पॉवर सप्लाय पुरेना, मग तोही मोठा घेतला.

सबमिशनच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, खालचं कारंजंही सुरू झालं. आमच्या घरात दिवे लागले आणि लगेच विझले. कॉम्प्युटरचा यूपीएस ओरडू लागला. मी इंटरकॉमवर मेंटेनन्सवाल्याला गाठलं.

“अंकलजी, जनरेटर पर आपका लोड कम है. पंखे, लाइट, फ्रिज, बस. कुछ नया लगाया है?”

“कॉम्प्युटर का कार्ड.”

“तो फ्रिज बंद कर दीजिए.”

तोवर यूपीएस गप्प झाला होता, आणि सकाळपासून तयार होत असलेलं चित्र गेलं होतं. लेक रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती काळ्या पडद्याकडे बघत राहिली. “बाबा, उद्या सकाळी प्रिंट द्यायची आहे. आता बिल्कुल पहिल्यापासून.”

वीज आली तेव्हा बायकोने निकाल दिला. “सगळं बंद ठेवायचं. ती परत कधी जाईल, काय सांगावं?”

फ्रिज बंद केला, पंखे बंद केले. जूनची दुपार. बायकोने दूध पुन्हा तापवून ठेवलं. मी माहितीपत्रकाने वारा घेत बसलो. कागद जाड, गुळगुळीत. वारा उत्तम येतो. घरात दोनच पंखे फिरत होते, कार्डावरचे.

“तिकडे वीज गेली की अंगणात तरी बसायचो,” बायको म्हणाली.

“इथे लॉबीत बसू.”

“गार्ड उठवेल. सलाम ठोकून.”

वीज आणखी दोनदा गेली. दोन्ही वेळा यूपीएस ओरडला, जनरेटर आला आणि पडदा चालू राहिला. आम्ही तिघंही पडद्यासमोर उभे होतो. एकदा मी लेकीला धीर द्यायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, “बाबा, बोलू नका यार.”

अंधार पडता पडता चित्र पूर्ण झालं. काचेचा उंच टॉवर, समोर कारंजं, सगळ्या खिडक्यांत दिवे. लोक फिरत होते, कोणालाही घाम नव्हता.

“कसं झालंय?”

या टॉवरमध्ये जनरेटरवर किती लोड मिळेल, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि गिळलं. “छान झालंय,” म्हणालो. खरंच झालं होतं.

“सेव्ह केलंस ना?” स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. “मग फ्रिज लावा. नको, थांबा. आधी पंखा.”