पाण्यावर रेघ न मारू देणारे इनायतसाहेब

इनायतसाहेबांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा लातूरच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. सुटीत नांदेडला आलो असताना त्यांच्या दुकानात आईचा फोटो मोठा करायला टाकला. घ्यायला गेलो तेव्हा तो तयार नव्हता. पुन्हा गेलो, तेव्हाही नव्हता.

"अम्मांच्या डोळ्यांखाली अंधार लई आला, मास्तर. असा कसा देऊ?"

"अहो, मग पेन्सिलीनं उजळा की!"

"तुम्हीच उजळा," असं म्हणून त्यांनी निगेटिव्हची काच आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. माझं काम त्यांना पसंत पडलं. मग शाळा सोडून आमच्याकडे या, म्हणून त्यांनी असा पिच्छा पुरवला की अखेर मी गेलो. निजामाच्या अमदानीची ती अखेरची वर्षं. पक्की नोकरी सोडली म्हणून घरच्यांनी मला वेड्यात काढलं. पुढे इनायतसाहेबांच्या संगतीत पुष्कळदा मला ते खरंही वाटलं.

त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या गुणांविषयी लिहावं, असं समितीने मला कळवलं आहे. गुण आहेतच. पण ते सुखाने भोगू देतील तर ते इनायतसाहेब कसले! मी विषमज्वराने अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा ते दोन्ही वेळा येऊन उशाशी बसत. मला चालेल अशी भाताची पेज शेजारच्या जोशीकाकूंकडून करून आणत आणि चमच्याने भरवत. एवढं मायेने केल्यावर बगलेतला ओला फोटो माझ्या पांघरुणावर पसरून विचारत, "ह्या कोपऱ्यात काळं जास्त झालं का हो?" मी तापाने फणफणलेला, आणि यांना कोपऱ्याची काळजी!

पण त्यांचा स्वभाव खरा कळला तो गोदावरीच्या फोटोने. सुभेदारसाहेबांची बदली झाली होती. तालुकदार कचेरीतून हुकूम आला, की निरोपाच्या वेळी भेट द्यायला पुराच्या गोदावरीचा मोठा फोटो हवा. काम पसंत पडलं तर कचेरीची सगळी फोटोची कामं आमच्याकडे येतील, असं तिथल्या पेशकारांनी, म्हणजे कचेरीच्या कारकुनांनी, सुचवलं. महायुद्धामुळे फोटोचा कागद मिळत नव्हता, गिऱ्हाईक रोडावलं होतं. दुकान तगायचं तर हे काम हवंच होतं.

इनायतसाहेबांनी सांज उतरताना घाटावर कॅमेरा लावला आणि भिंग बराच वेळ उघडं ठेवलं. पाणी थांबत नाही. त्यामुळे काचेवर लाटा आल्याच नाहीत. पिंजलेल्या कापसासारखा एक लांब ओघ तेवढा उमटला. पेशकार नमुना पाहून म्हणाले, "हे पाणी हाय का धूर? लाटा दाखवा. वर ढग टाका. थोडा निळा रंग द्या."

रंग आणि ढग मलाही नको होते, पण लाटांचं म्हणणं मला पटलं. काचेवर पेन्सिल फिरवली की छापताना तिथे पांढरं येतं. मी मान मोडून एकेक लाट काढली. इनायतसाहेबांची रीत निराळी. पुठ्ठ्याला भोक पाडायचं, छापताना त्यातून फक्त पाण्यावर उजेड जास्त सोडायचा, बाकीचं झाकायचं. म्हणजे पांढऱ्या पाण्याला जरा गडद छटा येते, वजन येतं आणि ओघ तसाच राहतो. हे साधण्यासाठी ते एकामागून एक कागद खराब करत होते, आणि मी दात-ओठ खात होतो.

एका सकाळी दुकानात येऊन पाहतो तर काच स्वच्छ! टर्पेंटाइनच्या बोळ्याने त्यांनी माझ्या साऱ्या लाटा पुसून टाकल्या होत्या.

"इनायतसाहेब, हे काय केलंत?"

"पाण्याला रेघ मारून ऱ्हायले तुम्ही. रेघ मारली की ते उभं ऱ्हातं, मास्तर."

मी तडक खोलीवर गेलो, ट्रंक भरली आणि लातूरच्या मोटारीच्या टपावर चढवली. मोटार सुटायच्या बेतात असताना इनायतसाहेब धावत आले. हातात काच, काचेवर चिकटलेला ओला फोटो. माफी नाही, काही नाही.

"बघून मग जावा!"

उतारू गोळा झाले. नायगावचा एक व्यापारी म्हणाला, "दूध सांडलं का कुणाचं?" दुसऱ्याला ते धुकं वाटलं. इनायतसाहेबांचा चेहरा एवढासा झाला. मला राग होताच, पण तो चेहरा बघवेना. मी फोटो हातात घेतला. पाणी सुरेख होतं, पण त्याच्या कडेचे खडक आणि घाटाच्या पायऱ्याही तितक्याच मऊ आल्या होत्या.

"सगळंच मऊ झालंय," मी म्हणालो. "दगड दगडासारखा दिसला, तर त्याच्याजवळून पाणी पळतंय हे कळेल. पेन्सिल दगडावर चालवू द्या."

"पाण्याला हात न्हाई लावायचा?"

"नाही लावत!"

"पायऱ्यांच्या कडा बी उजळा मग..."

पायऱ्या किती उजळायच्या, यावर आमची जुंपली. भांडण संपलं तेव्हा मोटार निघून गेलेली होती, माझ्या ट्रंकेसकट. लातूरला घरी ट्रंक पोचली, मी पोचलो नाही. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. तिची शिव्याशापांची तार मी आजही विसरलेलो नाही.

फोटो मात्र उतरला. दगड ठाम उभे राहिले आणि त्यांच्यामधून गंगा खरोखर वाहू लागली. पेशकारही पाहत राहिले. ढगांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काम आता आपलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात इनायतसाहेबांनी लेखणी घेऊन फोटोखाली उर्दूत आपलं नाव लिहिलं आणि त्याशेजारी बाळबोध मराठीत माझं.

पेशकारांच्या कपाळाला आठी पडली. "सरकारी नजराण्यावर मराठी? दुसरं नाव काढा."

मी लगेच म्हणालो, "काढा, काढा! माझं काही अडत नाही."

"माझं अडतं," इनायतसाहेब म्हणाले. "पाणी माझं, दगड मास्तरांचे. नाव काढायचं तर दोन्ही काढा, न्हाई तर दगड काढून न्या."

फोटो गेला, तो दोन्ही नावांसह. दुसरा करायला वेळही नव्हता. कचेरीची कामं मात्र दुसऱ्या दुकानाला मिळाली. मी संतापून विचारलं, "माझ्या नावाची भाकरी करून खायची का आता?" ते शांतपणे म्हणाले, "आज घरी जेवायला चला. तुमच्या भाभींनी तुमच्यासाठी भरलं वांगं केलंय, नव्या भांड्यात." मी गेलो. वांगं उत्तम होतं. त्यामुळे तर राग आणखी वाढला.

मग आम्ही खेडोपाडी लग्नांचे फोटो काढत हिंडलो आणि दुकान कसंबसं तगवलं. पुढे दिवस फार वाईट आले. गावात माणूस माणसाकडे संशयाने बघू लागला. आधी माझ्या नातलगांनी मला त्यांची संगत सोडायला बजावलं, मग राज्य पालटल्यावर इनायतसाहेबांच्या नातलगांनी त्यांना माझी. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. एकमेकांची बाजू सोडावी असं कधी सुचलंच नाही. भांडायला दुसरं कोण मिळणार होतं?

गेल्या महिन्यात त्यांच्या मोतीबिंदूची पट्टी सुटली. मी समोर उभा होतो. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही लई म्हातारे दिसून ऱ्हायले." आयुष्यभर त्यांनी मला असंच छळलं आहे. त्यांच्या नव्या नजरेला उदंड बळ मिळो, हात स्थिर राहोत, छातीत खोकला न साठो. आणि मला त्यांच्या एक दिवस आधी जायला मिळो. कारण हा माणूस नसलेल्या नांदेडात मी चिडायचं तरी कुणावर?