वक्र्यातला अब्बांचा उंबरठा

दोह्यातल्या बिन महमूद भागातून निघताना इक्बाल म्हणाला होता, "वीस मिनिटांत वक्रा." इक्बाल माझा मामेभाऊ. बारा वर्षं तिथेच नोकरी करतोय, आणि रस्ता विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. वर्ल्डकपसाठी सगळं शहर खणून ठेवलेलं. कालचा रस्ता आज बंद. दीड तास आम्ही गोल गोल फिरलो, आणि फोनमधली बाई आम्हाला शांतपणे समुद्रात वळायला सांगत होती. शेवटी वैतागून मी तिचं तोंड बंद केलं.

मला एकच काम होतं. अब्बा तरुणपणी रत्नागिरीहून सुतारकामाला इथे आले, तेव्हा वक्रा म्हणजे मच्छीमारांची वस्ती. एका घराचं दार बसवताना त्यांनी सवयीने वीतभर उंच सागवानी उंबरठाही ठोकला. उंबरठा नाही तर घर कसलं! पहिल्याच दिवशी मालक आपटला, मग पाहुणे आपटले. मालकाने शिव्या घातल्या, पण वाळू आत येईना म्हणून उंबरठा ठेवला. आता अब्बांची नजर गेलीय. "फोटो नको, हात लावून ये," एवढंच म्हणाले होते.

पर्यटकांसाठी जतन केलेला जुना फरीज, म्हणजे मोहल्ला, सापडला एकदाचा. जुना कसला, कालच रंगवल्यासारखा! अब्बांनी सांगितलेलं समुद्राकडून तिसरं घर, दार तेच. खाली मात्र गुळगुळीत फरशी.

"उंबरठा कुठे गेला?" मी तिथल्या मल्याळी सुपरवायझरला हिंदीत विचारलं.

"मॅडम, टूरिस्ट गिरेगा ना! पिछले महीने निकाल दिया. खलास."

इतकी वर्षं टिकलेलं लाकूड, आणि मला महिनाभर उशीर! संतापाने रडूच आलं.

"यल्ला, निघू या," इक्बाल म्हणाला. "आहे म्हणून सांग त्यांना. कोण बघायला येतंय?"

तेवढ्यात एक म्हातारे अरब काठी टेकत आले. "पुराने मालिक का बेटा," सुपरवायझर कुजबुजला. म्हाताऱ्यांनी चौकट धरली, सपाट फरशीवर एक पाय चांगला उंच उचलून आत टाकला, मग दुसराही तसाच.

जुनं जपतो म्हणणाऱ्यांवरचा माझा राग रत्नागिरीला पोचेपर्यंत गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण अब्बांशी खोटं बोलवेना.

"उंबरठा काढला, अब्बा."

त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"पण मालकाचा मुलगा अजून पाय उचलूनच आत जातो."

अब्बा हसायला लागले. "बरा आपटला असणार लहानपणी!"