आधी कुलूप की आधी पट्टी

कोथरूडच्या आमच्या छोट्या कंपनीत मला पहिल्यांदाच एका प्रोजेक्टचं लीड केलं, आणि आठवड्याभरात माझ्या डोक्याचा भुगा झाला. मार्केट यार्डातल्या एका भाजीच्या अडतदारांना त्यांच्या गाळ्यासाठी सॉफ्टवेअर हवं होतं. आमचे साहेब म्हणाले, "प्लॅनिंग कसं करणार ते सोमवारी सांगा. आणि हे गिऱ्हाईक गेलं, तर लीडबिड विसरा." पुण्यात धमकीसुद्धा अहो-जाहो करून देतात.

रस्ते दोन होते. सुरुवातीलाच सगळं ठरवून, लिहून, सही घेऊन कामाला लागायचं. नाहीतर थोडं करायचं, पंधरवड्याला दाखवायचं आणि मग पुढचं ठरवायचं. मी व्हिडिओंवर व्हिडिओ बघितले. जो तो इतक्या खात्रीने बोलायचा की मला त्याचंच पटायचं, पुढचा व्हिडिओ लागेपर्यंत. टीममधले सीनियर म्हणाले, "आधी सगळं लिहून घे. गिऱ्हाईक शब्द फिरवतं." त्यांच्या शेजारी बसणारी म्हणाली, "लिहून घेतलं तरी फिरवतंच." दोघांचंही बरोबर होतं आणि मला दोघांचाही राग आला. नवरा म्हणाला, "छापा-काटा कर." त्याचा जास्त आला.

शेवटी मी सुवर्णमध्य काढला. सबंध वर्षाची योजना आखली आणि तिचे पंधरवड्यांचे तुकडे पाडले. दर तुकडा दाखवायचा, पण क्रम बदलायचा नाही. ऑफिसात सगळे खूश झाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिला तुकडा बघायला अडतदार स्वतः आले. सकाळचा लिलाव उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही पडद्यावर पासवर्ड टाकायचं पान दाखवलं. योजनेप्रमाणे तेवढंच झालं होतं. चुकीचा पासवर्ड टाकला की लाल अक्षरं येतात, हेही मी कौतुकाने दाखवलं.

त्यांनी सगळं शांतपणे बघितलं. "कुलूप छान हाय, ताई. गाळा कुठाय?"

टीममधलं कोणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी विचारलं, पट्टी आधी नाही का करता येणार? माल विकला गेला की हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात हिशेब देतात, ती पट्टी. ती हाताने लिहून होईपर्यंत माणसं टेम्पोपाशी ताटकळत बसतात म्हणून तर त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून योजनेकडे बघितलं आणि म्हणाले, "पट्टी दिवाळीनंतर आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले.

साहेबांनी हे सगळं केबिनमधून बघितलं. मी जागेवर येऊन योजना पुन्हा वाचली. तिच्यात चूक अशी कुठेच सापडेना, आणि ती बरोबर आहे असंही म्हणवेना. मला रडू येत होतं. लीड व्हायची माझी किती वर्षांची इच्छा, आणि आता कोणीतरी येऊन हे काढून घ्यावं असं वाटायला लागलं.

दुपारी मी अडतदारांना फोन केला. "शेठ, आम्ही आधी पट्टीच करतो."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं कधी होईल, ते आत्ता सांगता येणार नाही. पट्टी वापरून बघा, मग पुढचं ठरवू."

"म्हंजे योजना न्हाई."

"नाही."

पलीकडे हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, आणि या खेपेला आवाजात टोमणा नव्हता, "मग ताई, मी भरवसा ठेवायचा कशावर? तुमच्यावर?"

हो म्हणायला माझी जीभ रेटेना. ते फोन धरून थांबले होते.