ठराव आतोबांचा, विरोध आत्याचा

लोकशाहीवर माझ्या आतोबांइतकं प्रेम करणारा, आणि त्या प्रेमापायी घरच्यांना इतका वात आणणारा माणूस साऱ्या भांडुपात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मालवणाहून आले, आग्रा रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, युनियनचे पुढारी झाले आणि पुढे तर चक्क खासदार होऊन दिल्लीला गेले. पण फिटर असोत, पुढारी असोत की खासदार, हात वर झाल्याशिवाय निर्णय नाही हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. मी विमा कंपनीत नुकता कारकून झालो होतो आणि त्यांच्याच घरी राहत होतो, त्यामुळे या नियमाचा प्रसाद मला रोज सकाळी मिळे. नाश्त्याला पोहे की उपमा, हासुद्धा त्या घरात ठराव असे. "पोह्यांच्या बाजूने कोण?" असं विचारून ते स्वतः हात वर करीत. मग त्यांच्या दोन मुलींचे हात वर जात, शेवटी नाइलाजाने माझा. "विरोधात?" असं विचारल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा एकुलता एक हात वर येई. "ठराव बहुमताने मंजूर. एक विरोध नोंदवला," असं आतोबा भारदस्त आवाजात जाहीर करीत, आणि आत्या उपमा करून वाढी.

त्यांचं खरं राज्य कारखान्याच्या गेटवर. पाळी बदलायच्या थोडं आधी शेजारच्या चहावाल्याचं स्टूल ओढून घ्यायचं, त्यावर चढायचं आणि बोलायला लागायचं. भाषण कसलं, दोघांच्या गप्पाच त्या. दर दोन वाक्यांनंतर ते विचारीत, "खरं की नाय?" आणि गेटवरची सगळी माणसं एका आवाजात म्हणत, "खरं!" तो आवाज आला की आतोबांना पुढचं वाक्य सुचे. नाही आला तर ते थांबत, अगदी गाडीला सिग्नल न मिळाल्यासारखे थांबत. ही सवय त्यांनी गेटपुरती ठेवली असती तर कोणाची हरकत नव्हती. पण माझ्या एका चुलतबहिणीच्या लग्नात वडीलधारे म्हणून त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा "मुलगा गुणी आहे, खरं की नाय?" असं विचारून ते मुलीकडच्यांच्या उत्तरासाठी थांबून राहिले. मुलीकडचे एकमेकांची तोंडं बघू लागले, मुलाकडच्यांचे चेहरे उतरले, आणि भटजी घड्याळ दाखवायला लागले, तेव्हा कुठे आत्याने मागून "खरं, खरं, पुढे चला," म्हणून लग्न सोडवलं.

दुसरी गोष्ट भोंग्याची. पाळीचा भोंगा झाला की आतोबांची सभा संपली. वाक्य अर्धं असो की शब्द अर्धा असो, ते स्टुलावरून खाली. "दुसऱ्या पाळीच्या माणसाला आत जायचं असतं. त्याचा वेळ मी खाल्ला तर मालकात आणि माझ्यात फरक तो काय?" असं ते म्हणत. एकदा तर "आणि आपली सगळ्यात महत्त्वाची मागणी म्हणजे" इथे भोंगा झाला. सगळ्यात महत्त्वाची मागणी कोणती, हे कळायला लोकांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. काहीजणांना त्या रात्री झोप नीट लागली नाही म्हणतात.

मग एक दिवस भोंगाच वाजला नाही. मालकाने टाळेबंदी केली होती. गेटला कुलूप आणि गेटसमोर ताडपत्रीचा मांडव, त्यात पाळीपाळीने बसलेले कामगार, असे महिन्यांमागून महिने जाऊ लागले. माणसं वॉचमनची, हमालाची, मिळेल ती कामं धरू लागली. कोणी बायकामुलांना गावी पाठवलं. त्यात बातमी आली की आतली यंत्रं परराज्यात हलवायचं घाटतंय. यंत्रं गेली की कारखाना गेला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. नेमकी तेव्हाच आमच्या भागात लोकसभेची पोटनिवडणूक लागली, आणि मांडवातल्या लोकांनी ठरवलं की आतोबांनी उभं राहायचं आणि हा प्रश्न दिल्लीत मांडायचा. गेटवर एकूण एक हात वर झाले. पण आतोबांनी घरीही ठराव ठेवला. मुलींचे हात वर, माझा वर. आत्याचा नाही.

"अगं, विरोध कशासाठी ते तरी सांग," आतोबा म्हणाले.

"इथे तुम्ही विचारता आणि माणसं 'खरं' म्हणतात," आत्या म्हणाली. "तिथे कोण म्हणणार आहे? गप्प बसून राहाल तुम्ही. गप्प बसलेले तुम्ही मला बघवायचे नाहीत."

विरोध नोंदवला गेला. आतोबा निवडून आले. मांडवातल्या लोकांनी त्यांना चहावाल्याच्या त्याच स्टुलावर बसवून स्टुलासकट उचललं आणि स्टेशनपर्यंत मिरवत नेलं. आत्या मिरवणुकीत होती, पण चालताना सारखी त्यांच्या कोटाची शिवण बघत होती. तो कोट मुलुंडहून घाईत शिवून आणला होता आणि एका खांद्यात आखूड होता.

दिल्लीत आत्याचं म्हणणं खरं ठरलं. आतोबांना बोलायची वेळ मिळाली. ते उठले, आपल्या भांडुपी हिंदीत टाळेबंदीची दोन वाक्यं बोलले आणि सवयीने विचारलं, "सच है कि नहीं?" आणि थांबले. सभागृहात कोणी कागद चाळत होतं, कोणी शेजाऱ्याशी बोलत होतं, कोणी चहाला निघालं होतं. कोणी "सच है" म्हणेना. आतोबा वाट बघत उभे. तेवढ्यात अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची घंटी वाजवली. ही घंटी नुसती आठवण म्हणून असते, ती वाजल्यावरच काही लोकांना खरा जोर चढतो, हे आतोबांना काय ठाऊक? जन्मभर भोंग्याला मान दिलेला माणूस तो. घंटी ऐकली आणि ते मुकाट खाली बसले.

दुसऱ्या कोणी हे झाकलं असतं. आतोबा भांडुपला उतरले ते सरळ मांडवात गेले. त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला लेथ मशीनवरचा एक दोस्त होता, त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, दिल्लीत वाचा बसली काय तुझी? पेपरात एक ओळ नाय!"

"बसली," आतोबा म्हणाले. "मी विचारलं, कोण 'खरं' बोललंच नाय. माझी वाट लागली यार."

मला वाटलं, आता कोणीतरी शिव्या घालणार. एवढे दिवस या माणसाच्या आवाजावर सगळे तग धरून होते. पण तो लेथवाला विचारात पडला आणि म्हणाला, "आपण काय सगळे तिकडे जाऊ शकत नाय. 'खरं' म्हणायला एक माणूस पाठवू. वहिनींना घेऊन जा. ठराव मांडतो." मांडवभर हात वर झाले. कडेला डबे घेऊन उभ्या असलेल्या आत्याने विरोधाचा हात वर केला. ठराव बहुमताने मंजूर झाला, आणि नाश्त्याचा एकही ठराव न पाळलेल्या आत्याने हा मात्र पाळला. मी रजा काढून सोबत गेलो.

लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत शिरताना आम्हाला बजावलं होतं की बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. आत्या पदर खोचून बसली. खाली आतोबा उठले. त्या आखूड कोटात ते मला फार एकटे दिसले. त्यांनी मांडवाबद्दल सांगितलं, यंत्रं हलवायच्या बेताबद्दल सांगितलं, आणि विचारलं, "सच है कि नहीं?" पुन्हा तेच. कागद, कुजबुज, चहा. आतोबा थांबले. त्यांनी मान वर करून गॅलरीकडे बघितलं.

आत्याने हात वर केला. ताठ, कोपरात न वाकवता. इतक्या वर्षांत तिने आतोबांच्या बाजूने वर केलेला तो पहिला हात.

गणवेशातला माणूस धावत आला. "माताजी, हाथ नीचे कीजिए."

"अरे बाबा, ते विचारतायत ना? मग कोणीतरी उत्तर द्यायला नको?" आत्या कुजबुजली. आत्याच्या कुजबुजीला भांडुपात हाक मारणं म्हणतात. खालचे काही सभासद वर बघू लागले. त्या माणसाने तिला अदबीने उठवलं. मीही उठू लागलो, तर ती म्हणाली, "तू बस. नीट ऐक." आणि हात तसाच वर ठेवून ती बाहेर गेली.

आतोबा बोलू लागले ते थेट गेटवरच्यासारखे. घंटी वाजली. त्यांचे गुडघे वाकलेले मी बघितले. पण ते पुन्हा सरळ झाले. "अध्यक्ष महोदय, ये घंटी मैं सुना. पण हमारे गेट का भोंगा कितने महिने से बजा नहीं. वो बजेगा, तब मैं बैठेगा." समोरच्या बाजूला कोणीतरी हसलं, मग कोणीतरी बाक वाजवला, मग बरेच बाक वाजले. कामगारमंत्र्यांना उठून सांगावं लागलं की मालक आणि कामगार यांची बैठक बोलावतो. बाहेर आत्या बाकड्यावर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "मध्ये थांबले नाहीत ना?" मी नाही म्हटलं. "मग झालं," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

एका भाषणाने कारखाना उघडला असं मी म्हणणार नाही. बैठका झाल्या, फिसकटल्या, पुन्हा झाल्या. पण यंत्रं जागची हलली नाहीत, आणि एका सकाळी कुलूप निघालं. भोंगा वाजला तेव्हा मोठमोठी माणसं गेटवर लहान मुलांसारखी रडली. आतोबा स्टुलावर चढून बोलणार होते, पण भोंगा झाला म्हणून चढले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत ते पडले आणि हसत घरी आले. ऐंशीचं दशक सरता सरता एका साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. शोकसभा अर्थात गेटवरच, पाळी बदलायच्या आधी. लेथवाल्या दोस्ताने स्टुलावर उभं राहून दुखवट्याचा ठराव वाचला. "बाजूने?" सगळे हात वर झाले. त्यात कितीतरी नवी पोरं होती, टाळेबंदीनंतर लागलेली. मग सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "विरोधात?" आणि त्याने जीभ चावली.

आत्याने हात वर केला.

त्या बिचाऱ्या लेथवाल्याने ठरावाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "ठराव बहुमताने मंजूर. एक विरोध नोंदवला." तेवढ्यात भोंगा झाला. तो मुकाट स्टुलावरून उतरला. गेट सताड उघडलं. पहिल्या पाळीची माणसं घराकडे निघाली, दुसऱ्या पाळीची आत शिरली. आत्याचा हात अजून वरच होता.