पोस्तातले आबा आणि दोन ‘सुल’

पोस्तातले आबा माणसं ओळखायचे ती तोंडावरून नव्हे, नावाच्या पहिल्या अक्षरावरून. पेडण्यात त्यांची सायकल दारात थांबली की पत्राआधी अक्षरं घरात यायची. “पेडणें, पार्सें, पालयें, पोरस्कडें, पत्रादेवी! एका तालुक्यांत इतले ‘प’ कित्याक? पोस्तमनाक पिडूंक!” पोर्तुगीज गेल्याचं त्यांना ना सुख ना दुःख. “पाव आनी पगार दवरून गेले. दोनूय ‘प’. आनीक कितें जाय?”

मराठी की कोकणी यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तेव्हा दोन्हीकडचे लोक सहीचे कागद घेऊन आबांच्या मागे लागले. आबा म्हणाले, “तुमचो ‘म’, तांचो ‘क’. म्हजो ‘प’. पयलीं पत्रां वांटूं दियात.” दोघांनीही त्यांना भेकड म्हटलं. “बरें जालें,” आबा खूश. “‘भ’ आमच्या गांवांत उणोच आसा.”

आमच्या घरावर मात्र त्यांचा राग होता. थोरली सुलोचना, धाकटी मी सुलभा. “शेट, अक्षरां सोंपलीं काय?” असं ते माझ्या वडिलांना, कापडाच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारायचे.

त्याच वर्षी आम्ही दोघींनी शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केले. वडिलांनी धाडू दिले, पण त्यांचं ठरलेलं होतं: नोकरी थोरली करील, धाकटी घर बघेल. ऐन एप्रिलात मुलाखतीचं कार्ड आलं. एकच. नावावरची शाई फिसकटलेली, ‘सुल’ तेवढं शिल्लक.

“थोरलीचंच असणार,” वडील म्हणाले.

“कशावरून?” कार्ड घेऊन आलेले आबा म्हणाले. “अर्ज दोन गेले, म्हज्याच हातांतल्यान गेले. जाप एक आयली. सरकारी काम, शेट. चुकीची चली धाडल्यार?”

वडील सरकारला भिऊन असत. चुकीची मुलगी जायला नको म्हणून त्यांनी दोघींना धाडायचं ठरवलं. माझं लक्ष आबांच्या अंगठ्याकडे गेलं. तो निळा होता, अजून ओला होता. मी बघितलं हे त्यांनी बघितलं आणि हात खाकी खिशात घातला.

पणजीच्या कचेरीत उलगडा झाला. नाव सारखं, पत्ता एकच. एकाच मुलीने दोनदा अर्ज केला असं समजून कारकुनाने माझा अर्ज ताईच्या अर्जामागे टाचून टाकला होता. साहेब त्याच्यावर ओरडले आणि त्यांनी दोघींच्याही मुलाखती घेतल्या. नोकरी लागली मला. लाटंबार्शे गावची शाळा. ताई घरीच राहिली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी माझ्या साडीला इस्त्री करताना एवढंच म्हणाली, “कार्ड माझंच होतं.”

मी आबांना गाठलं. “कार्ड कोणाचं होतं?”

“थोरलेचें.”

“मग असं का केलंत?”

“तिचें तिका मेळपाचेंच आशिल्लें, बाय. तुजें कोण विचारतालो?” तिचं तिला मिळणारच, असं ते धरून चालले होते. पहिल्यांदाच कुठल्याही अक्षराची थट्टा न करता ते निघून गेले.

पुढे ताई लग्न करून बेळगावला गेली. नोकरी तिने कधीच केली नाही. गोवा राज्य झालं त्यानंतरच्या वर्षी आबा वारले. मी तिला कळवलं; पण शाई कोणी पुसली ते मी तिला पूर्वीच सांगितलं होतं, त्यामुळे ती येईल असं वाटलं नव्हतं. ती सकाळच्या बसने आली. आबांच्या बायकोने डोळे बारीक करून विचारलं, “तूं कोण गो?”

“मी सुलोचना. ते कार्ड माझं होतं,” ताई म्हणाली, आणि मग अशी रडायला लागली की मला तिला सावरता येईना.