केसिंगची परीक्षा

समुद्रतळाखालच्या मऊ गाळात खोदलेल्या तेलविहिरीत पोलादी पाइप, म्हणजे केसिंग, घट्ट बसलाय की नाही, हे दाब देऊन तपासणं माझं काम. पाणी थोडंथोडं दाबायचं, दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवायची, काटा चढायचा मंदावला की हात आखडायचा. पुढे रेटलं तर गाळ फाटतो. नव्या लोकांकडून मी हे घोकून घेतो.

पण समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात मला विचारतो कोण? माझा धाकटा भाऊ बोअर मारतो. दहावीनंतर त्यानं शाळेला रामराम ठोकला, तरी बाबा बारीकसारीक गोष्टही त्यालाच विचारतात. सुट्टीवर आलो की मी पाहुणा. चहा कपबशीत मिळतो, सल्ला कोणी मागत नाही. भावाचा मला हेवा वाटतो, अगदी लहानपणापासून.

गेल्या उन्हाळ्यात बाबांच्या भाजीच्या वाडीतला जुना बोअर आटला. वांगी माना टाकायला लागली, म्हणून भावानं नवा घेतला. काळी माती, मुरूम, मग दगड. दगडापर्यंत केसिंगचा पाइप उतरवून त्यानं भोवती सिमेंट ओतलं. पुढचं खोदण्याआधी मी म्हटलं, तपासून बघू.

"त्यानं बसवलं म्हणजे बरोबरच असन," बाबा म्हणाले. तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं.

केसिंगच्या तोंडाला दाबमापक लावलेलं झाकण आवळून मी फवारणीच्या पंपानं पाणी दाबलं. काटा चढला. पंप बंद केला तरी खाली येईना. काम चोख होतं.

"झालं नं दादा? आता राहू दे," भाऊ म्हणाला.

बाबा गालात हसत होते. मी पंप पुन्हा सुरू केला. मला ते गळायलाच हवं होतं. काटा मंदावलेला मी पाहिला आणि हात आखडला नाही. पाइपाच्या भोवतीनं गढूळ पाणी बुडबुडत वर आलं.

"हे काऊन झालं?" बाबांनी विचारलं.

मी खाली मान घालून नळी गुंडाळत राहिलो. भाऊ काट्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

"माह्यं चुकलं, बाबा," तो म्हणाला. "सिमेंट अजून वाळू द्याले पाह्यजे होतं."

"होते कधी कधी. उद्या पुन्हा कर. तू करशीन नीट." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खरं सांगायला अजून वेळ होता. पण मी त्या हाताकडे बघत होतो. चूक माझी होती, आणि हात तिथेही त्याच्याच खांद्यावर पडला, याचाच मला राग आला होता.