दोन सर्व्हरमधली रोशनी

शनिवारी धंतोलीच्या आमच्या ऑफिसात मी आणि माझी भाची सायली दुपारभर कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. आमची संस्था सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी रक्ताची सोय करते. काटोल केंद्राची माहिती तिथल्या सर्व्हरवर, नागपूरची इथल्या... दोन्ही ताडून एक करायची होती.

सायली सॉफ्टवेअरवाली. तिच्या प्रोग्रामने काही नावं लाल केली. काटोलला आहेत, नागपूरला नाहीत, आणि बऱ्याच दिवसांत तिथं फिरकलेलीही नाहीत. "ही काढून टाकू, मावशी."

मी ठाम. फोन केल्याशिवाय एकही नाव निघणार नाही! प्रत्येक लाल ओळीमागे जिवंत माणूस आहे, आणि त्याला न विचारता त्याला पुसण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

"प्रत्येक एन्ट्रीवर सभा घेशील तर हे दिवाळीपर्यंत चालेल," सायली हसली. पण फोन तिनंच लावला, स्पीकरवर.

पहिलंच नाव रोशनीचं. फोन तिच्या वडिलांनी उचलला. "पोरगी आता इथं नाही राहत, मॅडम. नागपूरलेच देली तिले. काहून, काय झालं?"

आम्ही फोन ठेवणारच होतो... तेवढ्यात तेच म्हणाले, "दिवस गेलेत तिले. उद्या रक्त लावणार आहेत म्हणे. तुमच्याच संस्थेतून नं?"

आमच्या नागपूरच्या सर्व्हरवर तर रोशनी नव्हतीच. मी विचारलं, सासरी नाव बदललं का?

"हो नं. श्रावणी ठेवलं."

श्रावणी सापडली. नाव नवं, आडनाव नवं, फोन नवऱ्याचा... प्रोग्रामने तरी तिला कशावरून ओळखावं? काटोलच्या नोंदीत ठळक लिहिलं होतं की लहानपणी रक्त चढवल्यावर तिला जिवावरचा त्रास झाला होता, आणि एका प्रकारचं रक्त तिला चालत नाही. श्रावणीच्या नोंदीत ती जागा कोरी. साध्या तपासणीत ही गोष्ट दरवेळी दिसतेच असंही नाही.

बाईचं नाव बदलण्याच्या प्रथेवर मी आयुष्यभर मंचावरून गरजत आलेय. त्या क्षणी मात्र मी फक्त काटोलची ती ओळ वाचून दाखवली... डॉक्टरांना फोन सायलीनंच केला. ठरलेली पिशवी थांबली आणि सकाळपर्यंत तिला चालणारं रक्त मिळालं.

रविवारी हॉस्पिटलमध्ये गेलो. रक्त नीट चढत होतं. पहिल्या बसने आलेले वडील लेकीच्या उशाशी बसले होते.

"बाबा, आता तरी चहा पिऊन या नं."

"चूप बस वं. तू लहान होती, तुही माय नव्हती, तवाही मीच बसलो होतो."

सायलीनं हळूच विचारलं, आता नोंदीत कोणतं नाव ठेवायचं? रोशनीच्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "दोन्ही लिही, बाई. आम्ही हौसेनं ठेवलं... असं होईल हे कोणाले माहीत?"

वडील म्हणाले, "दोन्हीच लिहा. रागावलो का जुनंच येते माह्या तोंडात."

सगळ्यात मोठ्यानं हसली ती रोशनीच... म्हणजे श्रावणी.

आता आमच्या दोन्ही सर्व्हरवर 'आधीचं नाव' असा एक नवा रकाना आहे. उरलेल्या लाल नावांचे फोन सायली स्वतःहून लावतेय. मी शेजारी बसून नुसतं ऐकते... आणि पलीकडून कुणी "हॅलो" म्हटलं की मनातल्या मनात हात जोडते.